एक नग खुर्ची

मला नोकरीवरून कमी केल्याचे कळविणारे पत्र साडेचार ओळींचे होते, आणि कंपनीच्या मालकीच्या ज्या जिनसा माझ्या ताब्यात असल्याचे तिच्या दप्तरी नमूद होते त्यांची सोबत जोडलेली यादी तीन पृष्ठांची होती. तेव्हा कंपनीला माझ्याविषयी फारसे काही सांगावयाचे नसले, तरी माझ्या घरातील तारांविषयी तिला पुष्कळच सांगावयाचे आहे, हे माझ्या तत्काळ ध्यानात आले. माझ्या सेवेची बोळवण पत्राने ‘धन्यवाद’ ह्या एका शब्दात केली होती. यादीत मात्र एका दीड मीटर लांबीच्या केबलीचा रंग, तिच्या दोन्ही टोकांचे आकार आणि तिचा लांबलचक अनुक्रमांक इतक्या आत्मीयतेने वर्णिला होता, की माझ्या विवाहाच्या वेळी मध्यस्थांनी उभय पक्षांचे केलेले वर्णनही त्यापुढे त्रोटक वाटावे.

कमी करण्याचा विधी अर्थातच पडद्यावर पार पडला. माझे वरिष्ठ, जे एरवी कोणत्याही बैठकीस उशिरा येण्यात आपल्या हुद्द्याची शान मानीत, ते त्या दिवशी नेमलेल्या वेळेपूर्वीच पडद्यावर विराजमान झालेले होते, ह्यावरूनच मला अशुभाची शंका यावयास हवी होती. त्यांनी समोरच्या कागदावरून मजकूर वाचला, मध्ये एकदा पाणी प्याले आणि काही शंका असल्यास विचाराव्यात असे सांगितले. मी शंका जुळवीत आहे तोच लॅपटॉपचा पडदा काळा झाला आणि ‘आपल्या प्रशासकाशी संपर्क साधावा’ अशी पांढरी अक्षरे त्यावर उमटली.

घरी ही वार्ता सांगितली तेव्हा पत्नी गंभीर झाली, आईने देवापुढे साखर ठेवली (ती सुखदुःखात समभावाने ठेवते), आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पत्र मागून घेतले. साडेचार ओळी त्यांनी चष्म्यावाचूनच वाचल्या. यादीची पाने लागताच चष्मा मागविला.

अण्णांची सारी हयात तहसील कचेरीत गेली आणि अव्वल कारकुनाच्या हुद्द्यावरून ते निवृत्त झाले, एवढे सांगितले म्हणजे पुढील प्रकरण माझ्या हाती का राहिले नाही ह्याचा जाणत्या वाचकांना उलगडा होईल. बदली झाली की चार्ज द्यावयाचा, आणि चार्ज देताना जडवस्तू संग्रह नोंदवहीतील टाचण्यांच्या डबीपासून लोखंडी कपाटापर्यंत प्रत्येक नगाची रुजवात घालावयाची, ह्या संस्कारात ते वाढलेले. एका लोखंडी तिवईचा हिशेब लागला नाही म्हणून कोणा नायब तहसीलदारांचे निवृत्तिवेतन अडकल्याची कथा आम्ही भावंडांनी लहानपणी श्रावणातल्या कहाण्यांच्या जोडीने ऐकलेली आहे. आटपाट नगरातल्या ब्राह्मणाचे दारिद्र्य अखेरीस फिटत असे, पण त्या नायब तहसीलदारांची तिवई काही केल्या सापडत नसे.

“नोकरी गेली हे वाईट झाले,” यादी घडी करून अण्णा म्हणाले, “पण चार्ज दिल्यावाचून ती गेली असे म्हणता येत नाही.”

आता ह्या वस्तू माझ्या घरी आल्या कशा, तेही सांगितले पाहिजे. 2020 च्या मार्चात देशभर टाळेबंदी पुकारली गेली त्या सुमारास हिंजवडीच्या आयटी पार्कातून संगणक, मॉनिटर आणि खुर्च्या टेंपोत घालून अशा लगबगीने घरोघर रवाना झाल्या, की शत्रू वेशीवर आला असताना खजिना हलवीत असल्याचा भास व्हावा. ह्यात एक कायदेशीर गंमत होती. आमचे कार्यालय विशेष आर्थिक क्षेत्रात होते, आणि 2005 च्या त्या कायद्याच्या 53 व्या कलमान्वये असे क्षेत्र भारताच्या सीमाशुल्क हद्दीबाहेरचे मानले जाते. म्हणजे वाकडचा पूल ओलांडून कोथरूडला आलेला माझा मॉनिटर कायद्याच्या दृष्टीने परदेशाहून आलेला पाहुणा होता, आणि मी तीन वर्षे त्याच्यासमोर लेंगा घालून बसत होतो. पुढे सरकारने 2022 च्या जुलैत त्या क्षेत्राच्या नियमावलीत 43-अ हा नियम घालून घरून काम करण्यास रीतसर मुभा दिली; पण पाहुणा तो पाहुणाच, आणि 2023 च्या पावसाळ्यात त्याला स्वदेशी पाठविण्याची वेळ आली.

पत्रात असे फर्मावले होते की, वस्तू परत करण्यासाठी कंपनीच्या अंतर्गत संकेतस्थळावरील विवक्षित फॉर्म भरावा. तो फॉर्म कंपनीच्या लॅपटॉपवरूनच उघडत असे, आणि लॅपटॉप उपरिनिर्दिष्ट काळ्या पडद्याच्या समाधीत गेलेला होता. मी मदतकक्षाला दूरध्वनी केला. बराच वेळ सनईसारखे काही ऐकविल्यानंतर एक अत्यंत मधुर वाणी बोलू लागली.

“आपला कर्मचारी क्रमांक?”

मी सांगितला.

“सॉरी सर, ह्या क्रमांकाचा कर्मचारी आमच्याकडे नाही.”

“बरोबर आहे. मला कमी करण्यात आले आहे.”

“मग आपल्याकडे आमचा लॅपटॉप कसा काय?”

ह्या प्रश्नात चोरीचा जो सूक्ष्म सूर होता तो ऐकून मी इतका ओशाळलो, की लॅपटॉप मला त्यांनीच दिला होता ह्याचा पुरावा मी शोधू लागलो. तो पुरावा लॅपटॉपमध्ये होता. बाईंनी माझी तक्रार नोंदवून घेण्याची तयारी दाखविली, मात्र तक्रार नोंदविण्याचा अधिकार केवळ सेवेत असलेल्या कर्मचाऱ्यासच असल्यामुळे, एखाद्या सेवेत असलेल्या परिचिताकरवी ती नोंदवावी असा सल्लाही दिला. परिचित पुष्कळ होते. परंतु ज्याला परवा काढले त्याचा दूरध्वनी आज उचलल्यास उद्या आपली पाळी येते, असा एक समज आयटी क्षेत्रात रूढ असावा. कारण नेमके त्याच आठवड्यात माझे सर्व परिचित अतिशय कार्यमग्न झाले.

इकडे अण्णांनी दिवाणखान्यात सतरंजी अंथरून पंचनाम्यास आरंभ केलेला होता. आमच्या वर्गातील प्रत्येक घरात तारांची एक पिशवी असते. तीत कोणत्या काळी कोणती तार गेली हे कोणासही ठाऊक नसते. जे यंत्र केव्हाच भंगारात गेले त्याचा चार्जरही ‘असू दे, लागेल’ ह्या मंत्राने अभिमंत्रित होऊन तीत चिरंजीव झालेला असतो. ती पिशवी अण्णांनी सतरंजीवर उपडी केली, आणि कंपनीच्या तारा, मुलाच्या खेळण्याच्या तारा, माझ्या थोरल्या मेहुण्याने विसरलेला कॅमेऱ्याचा चार्जर आणि आईच्या नाकात वाफ घेण्याच्या यंत्राची दोरी ह्यांचा असा काही संसार बाहेर पडला, की प्रत्येकीची वंशावळ तपासता तपासता संध्याकाळ झाली. ज्या तारेची ओळख पटे तिला अण्णा पुड्याचा पांढरा दोरा आणि पुठ्ठ्याचे लेबल बांधीत, आणि लेबलावर निळ्या शाईने ‘नग क्र.’ घालीत.

हेडसेटपाशी मात्र पंचनामा अडला. त्याच्या कानावरच्या गाद्यांचे काळे रेक्झिन झडून त्याचे कण माझ्या कानांना चिकटू लागले होते, म्हणून आईने मागल्याच वर्षी आपल्या एका जुन्या चोळीच्या हिरव्या खणाची दोन टोपडी शिवून ती त्यावर चढविली होती, त्यांना तांबडे काठही जसेच्या तसे होते. परदेशस्थ ग्राहकांशी मी वर्षभर ह्याच काठापदराच्या कानांनी बोललो. यादीत लिहिले होते, ‘मूळ स्थितीत परत करावा.’ टोपडी काढावीत तर आतून स्पंज बाहेर येई. ठेवावीत तर स्थिती मूळ राहत नसे. अण्णांनी पेनाचे टोक ओठांवर टेकवून थोडा विचार केला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले: ‘आच्छादन खाजगी, परतीची मागणी नाही.’

लॅपटॉपच्या किमतीवरही त्यांनी बराच खल केला. वस्तू न मिळाल्यास मूळ किंमत रुपये 60,000 अखेरच्या हिशेबातून वळती करून घेण्यात येईल, असा पत्रात दम होता. अण्णांनी मला संगणकावरील आयकराचा घसारा विचारला. तो दरसाल 40 टक्के असतो हे कळताच त्यांनी पत्राच्या पाठीवर आकडे मांडले. पहिल्या वर्षी 36,000, दुसऱ्या वर्षी 21,600, तिसऱ्या वर्षी 12,960.

“म्हणजे परत केला तर 12,960 आणि हरवला तर 60,000! अरे, मग ह्यांची खरी मिळकत माल हरवण्यातच आहे की!”

ह्या शोधाने ते इतके प्रसन्न झाले, की माझ्या ग्रॅच्युइटीचा विषय त्यांनी आपण होऊन काढला, 1972 च्या कायद्याप्रमाणे ती तीस दिवसांत मिळाली पाहिजे असे ठणकावून सांगितले, आणि ती मागण्याचे धैर्य यावे म्हणून आधी वस्तूंची पोच हाती असली पाहिजे, असे बजावून पुन्हा तारांकडे वळले.

कंपनीने यथावकाश कुरियरचा एक तरुण पाठविला. त्याच्या हातातल्या खोक्यात लॅपटॉप सुखेनैव मावला असता. मॉनिटरची फार तर आठवण मावली असती.

“साहेब, मला एकच नग दाखवतोय,” तो म्हणाला.

“पण यादीत चौदा आहेत.”

“यादी तुमच्याकडे. ॲपमध्ये एकच.”

अण्णा पुढे सरसावले. “एक तर एक. ने. पण पोच दे.”

“पोच नसते आजोबा, ओटीपी असतो. मोबाइलवर आला असेल बघा.”

ओटीपी आलेला होता ह्यात संशय नाही. तो कंपनीने मला दिलेल्या मोबाइल क्रमांकावर आलेला होता, आणि तो क्रमांक लॅपटॉपबरोबरच निजधामास गेला होता. तरुण स्वभावाने सज्जन होता. त्याने बराच वेळ ॲपमध्ये बोटे फिरवून पाहिली आणि खिन्नपणे म्हणाला, “पिकअप रद्द करावं लागेल. कारण ‘कस्टमर घरी नाही’ असं टाकतो, दुसरा पर्यायच नाहीये.” आणि अण्णा, आई, पत्नी आणि मी असे चौघे त्याच्यासमोर उभे असताना, आईने दिलेला चहा पिऊन झाल्यावर, आम्ही घरी नसल्याची नोंद त्याने केली. दुसऱ्याच दिवशी कंपनीचा खलिता आला, त्यात मी मालमत्ता हेतुपुरस्सर दडवून ठेवीत असल्याची शंका अतिशय सभ्य भाषेत व्यक्त केलेली होती.

‘दडवून’ हा शब्द वाचल्यावर अण्णा रात्रभर झोपले नाहीत. सकाळी त्यांनी कपाटातून ठेवणीतला कोट काढला, कार्बन पेपर घालून सुपूर्दनाम्याच्या तीन प्रती लिहिल्या, आणि दारात ‘छोटा हत्ती’ बोलावून घेतला.

चौदा नगांपैकी सर्वांत जड नग म्हणजे खुर्ची. पाठीच्या कण्याचे कल्याण व्हावे म्हणून कंपनीने ती टाळेबंदीत घरपोच पाठविली होती. परंतु पहिल्याच आठवड्यात अण्णा तीवर सहज म्हणून टेकले, आणि माझ्या कण्याचे जे व्हावयाचे ते डायनिंगच्या लाकडी खुर्चीवर झाले. तीन वर्षे त्या खुर्चीत वर्तमानपत्र, विष्णुसहस्रनाम आणि दुपारची वामकुक्षी यथासांग पार पडली. ती परत करावयाची हे अण्णांनी क्षणाचीही कुरकुर न करता मान्य केले, कारण ती यादीत होती. मात्र टेंपोत ती चढविताना तिचा एक हात त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

टेंपोवाल्याने विचारले, “घर बदलताय का?”

“नोकरी,” मी म्हणालो.

“नोकरीलाही सामान हलवतात होय!” असे म्हणून त्याने भाड्यात वाढ केली.

हिंजवडीच्या फाटकावर सुरक्षारक्षकाने हात आडवा केला. आत जावयाचे तर ओळखपत्र लागेल. मी म्हणालो, ओळखपत्र जमा करावयासच आलो आहे. त्याने ते यंत्राला लावले. तांबडा दिवा लागला. “हे चालत नाही,” तो म्हणाला. “चालत नाही म्हणूनच जमा करायचे आहे.” “चालत नाही ते आत कसं न्यायचं?” ह्यावर निरुत्तर होऊन मी इकडेतिकडे पाहिले, तेव्हा फाटकाच्या अंगाला पत्र्याच्या आडोशाखाली माझ्यासारख्याच इसमांची एक दीर्घ रांग आढळली.

रांग मोठी पाहण्यासारखी होती. कालपरवापर्यंत ज्यांचा उल्लेख ‘प्रमुख’, ‘उपप्रमुख’, ‘सल्लागार’ अशा उपाधींवाचून होत नसे, ते सर्व आता छातीशी मॉनिटर कवटाळून उभे होते. तथापि उपाधी गेल्या तरी त्यांचा क्रम गेलेला नव्हता. कनिष्ठ मंडळी मागे सरकून ‘सर, तुम्ही पुढे व्हा’ म्हणत होती आणि सर ‘नाही नाही’ म्हणत पुढे होत होते. ज्यांना महागड्या बनावटीचा लॅपटॉप मिळालेला होता त्यांनी तो पिशवीतून अर्धा बाहेर दिसेल असा धरला होता. दोन मॉनिटरवाले एका मॉनिटरवाल्यांशी किंचित उंचावरून बोलत होते. घरांच्या हप्त्यांविषयी कोणी चकार शब्द काढीत नव्हते. केबल गोल गुंडाळावी की आठाच्या आकारात, ह्या प्रश्नावर मात्र दोन पक्ष पडून वाद हातघाईवर आलेला होता.

आमचा नंबर लागला तेव्हा खिडकीतल्या कंत्राटी मुलाने तेरा नग यंत्राखालून फिरविले, हिरवी टोपडी पाहून कौतुकाने मान डोलावली, आणि खुर्चीपाशी थांबला.

“ही आमची नाही.”

“यादीत आहे,” अण्णा म्हणाले.

“ती एचआरची यादी. आम्ही फक्त आयटीचा माल घेतो. खुर्ची ॲडमिनकडे.”

“ॲडमिन कुठे बसतात?”

“ॲडमिनवाल्यांना गेल्या महिन्यातच काढलं.”

खुर्ची कोणाचीच नाही हे निष्पन्न होताच अण्णांच्या मुद्रेवर जो आनंद पसरला तो त्यांनी कोटाची गुंडी लावून महत्प्रयासाने आवरला. “चला, मग परत नेऊ,” ते म्हणाले आणि खुर्ची फाटकाकडे ढकलू लागले. परंतु रक्षकाचा हात पुन्हा आडवा झाला. आडोसा फाटकाच्या आतील बाजूस होता; म्हणजे खुर्ची क्षेत्रात आलेली होती, आणि क्षेत्रातून देशात जाणाऱ्या मालावर कायद्याने सीमाशुल्क बसते. रक्षकाने ह्या तरतुदीचा अर्थ आपल्या परीने लावून सांगितला की, कस्टमचा कागद आणि कर्मचाऱ्याच्या सहीचा गेटपास असल्याशिवाय खुर्ची हिंदुस्थानात जाऊ शकत नाही. कर्मचारी आत होते, आणि आम्हांला आत जाता येत नव्हते. बाहेर होते ते सारे माजी.

मी वाद घालण्याच्या बेतात होतो. पण अण्णांनी मला खूण करून थांबविले. आयुष्यात प्रथमच आपल्या तोडीचा नियमज्ञ भेटल्याचे समाधान त्यांच्या डोळ्यांत होते. ते खुर्चीत बसले, मांडीवर फाइल ठेवली आणि रक्षकाला म्हणाले, “ठीक आहे. एक नग खुर्ची, निर्णय होईपर्यंत आपल्या ताब्यात. तशी पोच द्या.”

“आजोबा, आमच्याकडे पोचबिच काही नसतं.”

“मी लिहितो. तुम्ही शिक्का मारा.”

शिक्का रक्षकाजवळ होता आणि तो उमटवावयास कोणी सांगत नाही ही त्याची जुनी खंत असावी, कारण तिन्ही प्रतींवर त्याने तो असा काही हाणला की टेबलावरचा चहा हिंदकळला. निळा, वाटोळा, किंचित तिरपा शिक्का! तो पाहताच रांगेत एकदम कुजबूज झाली. तोपर्यंत कोणालाही काहीही लेखी मिळालेले नव्हते; यंत्र टुंग असे वाजे आणि मंडळी हात हलवीत परत जात. ज्यांनी नोकरी गेल्याचे पत्र निमूटपणे वाचून मिटले होते, ज्यांनी तीन महिन्यांच्या पगाराविषयी अवाक्षर काढले नव्हते, ते सर्व मध्यमवर्गीय सिंह त्या शिक्क्याच्या दर्शनाने जागे झाले. “आम्हांलाही पोच पाहिजे!” रांगेच्या टोकापासून गर्जना आली.

खिडकीतला मुलगा घाबरला. रक्षकाने परिस्थितीचे आकलन करून जाहीर केले, “त्या आजोबांकडून यादी लिहून आणा, मग शिक्का मिळेल.”

आणि मग जे सुरू झाले ते मी टेंपोच्या फाळक्यावर बसून पाहत राहिलो. कंपनीच्या खुर्चीत, कंपनीच्या फाटकाच्या आत, कण्याला यथायोग्य आधार घेऊन, माझे वडील एकामागून एक अभियंत्यांचे सुपूर्दनामे लिहीत होते. कार्बन पेपर संपले तेव्हा एका माजी उपप्रमुखाने स्वतः धावत जाऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून आणले. कोणी चहा आणला, कोणी छत्री धरली. टेंपोवाल्याने थांबण्याचे भाडे मागितले आणि थोड्या वेळाने आपल्या गाडीच्या विम्याचे एक अडलेले प्रकरण अण्णांपुढे ठेवले.

उन्हे कलण्याच्या सुमारास रांगेतून एक ओळखीची आकृती पुढे आली. माझे वरिष्ठ होते. त्यांच्या हातात तारांनी भरलेली एक भाजीची पिशवी होती. मला पाहून ते दचकले, आणि मीही, इतक्या वर्षांच्या सवयीने, फाळक्यावरून उठून उभा राहिलो.

“सर, आपणसुद्धा?”

“काल,” ते म्हणाले आणि अण्णांपुढे पिशवी ठेवून घाईने म्हणाले, “काका, जरा लवकर होईल का? मला एका मीटिंगला...” आणि मीटिंग आता कोठेच नाही हे स्मरून थांबले.

अण्णांनी चष्म्यावरून पाहिले. “केबली किती?”

“असतील सात-आठ.”

“असतील?”

“म्हणजे, बहुधा आठ.”

अण्णांनी पिशवी न उघडताच त्यांच्याकडे परत सरकविली, पुढच्या इसमाला हाताने बोलावले आणि माझ्या वरिष्ठांना शांतपणे म्हणाले, “प्रकरण त्रुटीत आहे. नगवार यादी करून पुन्हा सादर करा.”

वरिष्ठांनी माझ्याकडे पाहिले. मी टेंपोच्या नंबरपाटीचे बारकाईने निरीक्षण करीत होतो. तेव्हा ते पिशवी उचलून रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले, आणि पुढच्या प्रशिक्षणार्थी मुलाकडे त्यांनी पेन मागितले.